नोराला नांदूरघाटला सोडून आलो

माफ करा, लिहायला फार उशीर झाला. जाऊन आलो त्याला दीड महिना होत आला. या प्रवासात माझीच एक चूक बाहेर आली. ती चार लोकांत सांगावी की नाही, या घोरातच दिवस गेले. पण तुमच्या घरी अशी परदेशी पाहुणी राहायला येणार असेल, तर वाचा.

नोरा आयर्लंडची. खेड्यातल्या पोरांना फुकट इंग्रजी शिकवायला आलेली. आधी दोन महिने उमापुरात आमच्या घरी राहून मराठी शिकायची आणि शाळेत सराव करायचा, असं तिचं प्रशिक्षण. पण वर्गात पोरं तोंडच उघडेनात. एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, मला जमत नाही. मी आयर्लंडला परत जाते." लेकीसारखी झालेली पोर अशी हरून जाणार? प्रशिक्षणवाल्यांनी सुचवलं, नांदूरघाटला रूथबाई आहेत, कॅनडाच्या, चार वर्षं इथं मुरलेल्या. त्यांच्याकडं तीन दिवस राहा, मग ठरव. एकटी कशी जाईल म्हणून मीही निघालो.

सकाळच्या एसटीनं गेवराई, तिथून बीड, बीडहून नांदूरघाटची गाडी. पाणी घरून न्या. स्टँडवरची भजी डोळ्यांदेखत तळली तरच खा. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढं फुकट. कंडक्टर नोराकडं बघतच राहिला.

"ह्या बाई कुठल्या?"

"आमच्या घरच्या हायत," मी म्हणालो.

"तोंडावळ्यावरून वाटत न्हाई, आजोबा," असं म्हणत त्यानं अर्धंच फाडलं.

मांजरसुंब्याच्या घाटात मी प्रत्येक वळणाला तिला विचारत होतो, मळमळतंय का, लिंबू देऊ का. शेवटी ती म्हणाली, "बाबा, ते लिंबू तुम्हीच खा."

रूथबाई स्टँडवर उभ्या होत्या. साठीच्या, पायात साध्या चपला. "कावून एवढा उशीर? भाकरी गार झाली की!" नोरा तोंड उघडं टाकून बघत राहिली. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी असं जेवण झालं. माझी झोपायची सोय त्यांच्या घरमालकांच्या ओसरीवर होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत नोराचा तास. मी नेहमीसारखी खुर्ची उचलून वर्गाच्या दारात ठेवली आणि हातात काठी घेतली.

"काका, हे काय?" रूथबाईंनी विचारलं.

"बसतो. पोरं हिला हसतात, दंगा करतात. उमापुरात मी रोज बसतो."

"काठी घेऊन?"

"नुसती दाखवायची. एक पोरगं हूं की चूं करत न्हाई."

रूथबाईंनी नोराकडं पाहिलं. "तू बोलली न्हाई यांना?"

"बाबा मोठे आहेत," नोरा खाली बघत म्हणाली. "कसं सांगणार?"

मी काठी खुर्चीमागं सरकवली.

"काका," रूथबाई हळू बोलल्या, "पयल्या वर्षी पोरं मला रोज हसायची. हसता हसताच बोलायला लागली. तुमी दारात बसल्यावर कोण चुकंल? चला, लिंबाखाली बसा."

बसलो. थोड्या वेळानं आत गलका उठला. नोरानं फळ्यावर काहीतरी काढलं असावं.

"मॅडम, ही शेळी हाय का म्हैस?"

"तू सांग," नोराचा आवाज आला.

"गोट! गोट!" सगळा वर्ग ओरडला.

"न्हाई बे, शिंगं बघ की! बफेलो!"

हसण्यानं पत्रे वाजले. मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. तास संपल्यावर नोरा बाहेर आली, केसांत खडूची पूड.

"बाबा, ऐकलं?"

"ऐकलं."

"मी आयर्लंडला जात नाही. राहते इथंच."

मी रुमालानं तिच्या केसांतला खडू झटकला.

तिला तीन दिवस पुरे करायचे होते, म्हणून दुपारच्या गाडीनं मी एकटा परतलो. न्यायला येतो म्हणालो, तर तिनं ऐकलं नाही. ठरलेल्या दिवशी बाराच्या आधीच मी उमापूरच्या स्टँडवर जाऊन बसलो. ती चारला उतरली, शेजारच्या बाईशी गप्पा मारत.

आता शाळेवरून जायचं झालं की मी दुसऱ्या गल्लीनं जातो. मला बघून पोरं गप्प होतात, आणि ती शांतता मला सोसत नाही.

नोराची नेमणूक तेलगावला झाली. गाडीत बसवून दिलं, सोबत गेलो नाही. आठ दिवस झाले, फोन नाही. नोरा, हे वाचत असशील तर दोन ओळी टाक. मी उठून तेलगावला येणार नाही, शब्द देतो. पण लवकर कळव. हा शब्द किती दिवस टिकेल, माझं मलाच सांगता येत नाही.