डावीकडून तिसरी

सकाळपासून बारकूदादाचं म्हणून जे चित्र तुम्ही सगळे शेअर करताय, ते मी खराब केलेलं आहे.

बारकू वरठा परवा गेला. आरेतल्या पाड्यावरचा वारली. चित्रकार. वय सत्तरच्या पुढे, नक्की किती ते त्यालाही माहीत नव्हतं.

आज आमच्या जुन्या मालकाच्या मुलाने पोस्ट टाकली. 'आमच्या परिवारातले ज्येष्ठ कलाकार, आदिवासी जीवनाचे चितेरे.' सोबत भातकापणीचं ते मोठं चित्र.

परिवार म्हणे.

मग ऐकाच.

ऐंशीच्या दशकात अंधेरी ईस्टला एका गाळ्यात आम्ही पाच जण जुन्या चित्रांच्या कॉप्या करायचो. हाताने, ऑइलमध्ये. इंग्रजांच्या काळात कोणी साहेब ठाण्याच्या जंगलात फिरला, त्याने वारली, कातकरी, कोळी माणसं रंगवली आणि ती चित्रं पुस्तकात छापली गेली. त्या छापील पानावर चौकटी आखायच्या, कॅनव्हासवर मोठ्या चौकटी आखायच्या, आणि जसंच्या तसं उतरवायचं. एअरपोर्टजवळच्या हॉटेलांना लॉबीत लावायला असलं काहीतरी हवं असायचं.

आमच्या पाच जणांत बारकूदादा एकटाच असा, ज्याची माणसं त्या चित्रांत होती.

भातकापणीच्या चित्रात नऊ बायका होत्या. खाली इंग्रजीत लिहिलेलं, 'रानटी टोळीतील स्त्रिया'. साहेबाने विळे तलवारीसारखे धरायला लावले होते. ते दादाने हसत हसत तसेच काढले. पण नऊ बायकांना चेहरा एकच होता. जाड ओठ, मेलेले डोळे, नऊ वेळा.

दादा मला म्हणाला, "हिला मी नऊ वेळा काढू? ही कोणीच नाही गं."

त्याने नऊ वेगळे चेहरे काढले. काकी, मावशी, शेजारणी, पाड्यावरच्या बायका. कपडे, शेत, आभाळ सगळं साहेबाचं. चेहरे तेवढे खरे. वाळल्यावर स्वतःच वार्निश मारलं आणि घरच्या लग्नासाठी चार दिवस सुट्टीवर गेला.

मालकाने चित्र बघितलं आणि भडकला. गिऱ्हाइकाला साहेबाचं चित्र पाहिजे, याच्या घरचा फोटो नको, म्हणाला. मग माझ्याकडे वळला. चेहऱ्यांना तुझाच हात चांगला आहे, तू नीट करून टाक.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. घाटकोपरच्या चाळीतून नुकतीच बाहेर पडलेली. घाबरून केलं असं सांगितलं तर तुम्ही मला माफ कराल. पण मी घाबरले नव्हते. मला भारी वाटलं होतं. तुझाच हात चांगला, असं तोवर कोणी म्हणालं नव्हतं.

दोन दिवसांत मी नऊ चेहरे झाकले. पुस्तक शेजारी ठेवून, एकदम बरोबर.

डावीकडून तिसरी शेवटी केली. डाव्या भुवईवर बारीक खूण होती. खालचा ओठ जरा दाबलेला, हसू आवरल्यासारखा. ती सुंदर काढलेली आहे हे मला कळत होतं. तरी माझा ब्रश थांबला नाही.

दादा परत आला. चित्रासमोर उभा राहिला. कोणी केलं, विचारलं. मी म्हणाले, मी.

तो म्हणाला, "तिसरी माझी आई होती."

आई तो लहान असतानाच वारली होती. फोटो नाही. पाड्यावर तेव्हा कॅमेरा घेऊन कोण येणार होतं?

त्याने ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि गेला. मालक केबिनमधून बाहेरही आला नाही. आणि मी पुढे चार वर्षं तिथेच नोकरी केली. हेही लिहून ठेवते.

वर्षभराने पाड्यावर गेले तेव्हा दादा तबेल्यांवर नंबर रंगवायचं काम करत होता. त्याने चहा दिला. मी म्हटलं, दादा, परत काढ ना तिला.

"लय वेळा बसलो," तो म्हणाला. "हाताला येत नाय. एकदाच आली होती."

त्यानंतर एवढी वर्षं आमचं येणंजाणं राहिलं. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. मला माफ केलं असं मात्र कोणी म्हणू नका. तो तसं कधीच म्हणाला नाही.

परवा सगळं आटोपल्यावर त्याची मुलगी सुनंदा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, आजी कशी दिसायची? बाबा सांगायचे, शुभांगीने बघितलीय."

एवढंच सांगितलं होतं त्याने तिला. पुढचं नाही.

मी भुवईवरची खूण सांगितली. ओठ सांगितला. मग पुढचंही सांगितलं. ती उठली. माझा कप उचलून आत गेली.

आणि आज सकाळी ही पोस्ट.

मालकाच्या मुला, तुझं नाव इथे लिहीत नाही, पण तू हे वाचणार आहेस. हॉटेलने लॉबी बदलली तेव्हा ते चित्र तुमच्याकडे परत आलं. आता ते तुझ्या मालाडच्या ऑफिसात आहे. फोटोत मागे तुझी खुर्चीसुद्धा दिसतेय. तुझ्या बापाने ज्याला रंगवू दिलं नाही, त्याच्या नावाने तू आज लाइक्स गोळा करतोयस. लाज वाटू दे जरा.

जुनी चित्रं दुरुस्त करणारी माझी एक विद्यार्थिनी आहे. आज तिला फोन केला. दादाच्या रंगावर वार्निश होतं आणि माझा रंग त्याच्या वर आहे, त्यामुळे तो काढता येऊ शकेल, म्हणाली. खात्री देत नाही म्हणाली. पण येऊ शकेल.

पोस्ट काढ. चित्र सुनंदाला दे. माझा रंग मी स्वतः उभी राहून काढून घेईन.

तोवर त्या चित्राखाली कोणीही हात जोडू नका. तुम्ही ज्यांना नमस्कार करताय ते चेहरे माझे आहेत.

बारकूदादा, जा. श्रद्धांजली वाहायचा हक्क मला नाही. नुसता निरोप देते.