आपांनी सोडलेला हक्क

फिर्याद घेऊन कोणीही आलं, की वहिदाआपा आधी एकच विचारायच्या, “माफी मागायला कोण आलतं का?” उदगीरच्या कोर्टात आम्हा दोघा वकिलांची टेबलं शेजारी शेजारी होती. कलमं मला तोंडपाठ. पक्षकार मात्र त्यांच्याकडे जायचे. वडील काझी, त्यामुळे शरियत त्यांना घरातूनच मिळालेली. त्यांच्या बाकावरची गर्दी बघताना मला चहा कडू लागायचा.

मग त्यांचा एकुलता मुलगा आसिफ निलंगा रोडवर जीपखाली सापडून गेला. जीपचालक बालाजी माझा पक्षकार झाला. मी त्याला बजावलं, “त्यांच्या दारात जाऊ नको. माफी मागितली, की गुन्हा कबूल केल्यासारखं होतंय.”

त्यानं ऐकलं नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन गेला आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिला. दुपारपर्यंत दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा आपा एवढंच म्हणाल्या, “माय उन्हात बसलीय. आत घेऊन ये तिला.”

गुन्हा शाबीत झाला. शिक्षेच्या दिवशी मी बालाजीची गरिबी, त्याचं वय, सगळं मांडलं. जज्जसाहेब नुसते लिहीत होते. मग आपा उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मी याला माफ केलंय.”

“बाई, या कलमात तडजोड होत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे, साहेब. अल्लाहचा गुन्हा केला तर तौबा केल्यावर तो माफ करतो. माणसाचा गुन्हा तोही परस्पर माफ करत नाही. ज्याचा केला त्यानंच माफ करायचा असतो. माझा हक्क मी सोडला. सरकारचा सरकारनं बघावा.”

साहेबांचं पेन थांबलं. शिक्षा झाली, पण कमी. पोलिसांबरोबर जाताना बालाजी आपांपुढे वाकला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. खटला मी लढवला होता.

पुढे एकदा न राहवून विचारलं, “आपा, राग खरंच गेला?”

“कुठला जातोय भाऊ? रोज येतोय. रोज माफ करून राहिले.”

लातूरला माझा सख्खा भाऊ राहतो. एका भिंतीवरून आमचं बोलणं बंद झालं, ते अजून बंदच आहे. त्यामुळे त्या दिवसापासून मला त्यांच्या पक्षकारांचा हेवा वाटेनासा झाला. आपांचाच वाटू लागला.

गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या. जनाजा उचलण्याआधी त्यांचा भाऊ अंगणात हात जोडून म्हणाला, “आपानं कुणाचं मन दुखावलं असेल, तर आज माफ करा.” आजूबाजूचे लोक पुटपुटले, “माफ केलं.” मीही तोंड उघडलं आणि आठवू लागलो. माफ करण्यासारखं त्यांनी माझ्यासाठी काहीच ठेवलं नव्हतं.