कडेचं गवत

अकोल्याबाहेर, मोर्णा नदीच्या अलीकडं, कापसाच्या एका साहेबाचा बंगला होता. बंगल्यापुढं अर्धा बिघा हिरवळ होती. काळ्या मातीत हिरवळ राखणं म्हणजे काय, हे त्या मातीत हयात घालवलेल्यालाच कळावं. पावसाळ्यात ती माणसाचा पाय धरून ठेवते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा मातीत शालिकराम माळ्यानं मोटेच्या पाण्यावर हरळी बसवली होती, आणि ती इतकी दाट होती की पडलेली सुई सापडली नसती.

शालिकराम मूळचा बार्शीटाकळीचा. तिथं तो दुसऱ्याच्या मळ्यात वांगी-मिरच्या पिकवायचा. कापसाला सोन्याचा भाव आला तसा मालकानं मिरच्या उपटून विहिरीच्या काठापर्यंत कापूस पेरला. त्याच श्रावणात गावात पटकीची साथ आली. शालिकरामची बायको जयवंता सकाळी भाकरी थापत होती आणि दिवस मावळायच्या आत गेली. शालिकराम रडला नाही. लोक म्हणाले, मागून रडेल. मागूनही रडला नाही. तेव्हापासून त्याला चुलीचा चटका बसला तरी हात जरा वेळानंच मागं यायचा. थोरली बहीण गोदाबाई अकोल्यात दिलेली होती, ती त्याला घेऊन आली आणि तिनं त्याला बंगल्यावर कामाला लावून दिलं.

येताना त्यानं एकच गोष्ट बरोबर आणली. कबरी नावाची गाय. जयवंता पातूरहून लग्न होऊन आली तेव्हा ही तिच्या मागं चालत आलेली कालवड. आता म्हातारी झालेली, दोन वर्षांपासून भाकड.

गाय आणली, पण तिला घालायचं काय? ज्वारीच्या जागी सगळीकडं कापूस, त्यामुळं कडबा दिसेनासा झालेला. गायरानंसुद्धा नांगराखाली गेली होती. कापसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांनाच वैरण पुरत नव्हती, तिथं भाकड गाईला कोण विचारतं? शेजारचे म्हणाले, सोडून दे. शालिकरामनं ऐकून घेतलं आणि सोडली नाही. का सोडली नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

कबरी जगत होती ती हिरवळीच्या गवतावर. ते गवत कापायला साहेबानं विलायतेहून एक यंत्र मागवलं होतं. रेल अजून अकोल्यापर्यंत पोचली नव्हती, म्हणून शेवटचे आठ दिवस ते बैलगाडीतून आलं. पुढं गोल फिरणारी पाती, त्याखाली एक आडवी सुरी, बाजूला दातेरी चाकं, मागं रूळ आणि ढकलायला दांडा. फिरती पाती गवत सुरीवर आणायची आणि दोहोंमध्ये ते कातरीसारखं कापलं जायचं. पुढच्या पेटीत कापलेलं गवत पडायचं. नोकरचाकर त्याला लोखंडी गोऱ्हा म्हणत, कारण तो दिवसभर चरतो आणि शेण टाकत नाही. ते बारीक गवत घोड्यांना घातलं तर पोट धरतं, म्हणून मोतद्दार त्याला हात लावत नसे. ते शालिकराम टोपलीत भरून न्यायचा, घोंगडीवर पातळ पसरायचा, त्यातली ऊब निघून गेली की कबरीपुढं टाकायचा.

कार्तिकात गोऱ्हा बिघडला. आधी जड झाला. मग कचकच वाजू लागला. मग गवत कापायच्या ऐवजी ओरबाडू लागला. दुसऱ्या दिवशी ओरबाडलेली टोकं पांढरी पडायची आणि सगळी हिरवळ पिकल्या केसांसारखी दिसायची. साहेब व्हरांड्यात उभा राहिला, बघितलं, खानसाम्याला काहीतरी बोलला. खानसाम्यानं येऊन सांगितलं की ऐतवारी पाहुणे येणार आहेत, तोवर यंत्र नीट झालं नाही तर ते बांधून ठेवायचं. मग मोतद्दाराची माणसं विळ्यानं लांब गवत कापतील आणि ते घोड्यांना जाईल.

शालिकरामनं मान हलवली. ऐतवाराला चार दिवस होते.

पाती बोथट झाली असतील असं धरून तो दगड घेऊन बसला. आयुष्यभर विळे घासलेला हात. त्यानं प्रत्येक पात्याला विळ्यासारखी पातळ धार आणली, अंगठ्यावरची लव निघेल अशी. गोऱ्हा आणखीच ओरबाडू लागला. मग त्यानं पेच आवळून पाती खालच्या सुरीला चिकटवली. तेव्हा चाक फिरेचना.

तिसऱ्या दिवशी त्यानं यंत्र ढकलत देवीदास लोहाराच्या भात्यावर नेलं. देवीदास कमी बोलणारा नव्हता. धार बघून आधी तो हसला. म्हणाला, माळीबुवा, हे विळ्याचं काम नाही, याच्या पात्याला चपटी कड लागते, दाढी करायची होती तर न्हाव्याकडं जायचं. त्यानं कानशीनं कड पुन्हा चपटी केली. हरळीची एक काडी खालच्या सुरीवर धरून हातानं पाती फिरवली, पेच सैल केला, पुन्हा फिरवली, काडी साफ तुटेस्तोवर. एवढं करूनही चाक जडच. मग त्यानं बाजूचं झाकण काढलं.

आत दातेरी चाकांवर तपकिरी डिंक बसला होता आणि त्यात कापसाचे तंतू. हंगामात त्या रस्त्यानं गाड्या जायच्या तेव्हा हवेतून कापूसच वाहायचा. झाडांवर, भिंतींवर, माणसांच्या मिशांवर बसायचा. गोऱ्ह्याच्या पोटातही गेला होता आणि डिंकात रुतून त्याचा दाबलेल्या लोकरीसारखा नमदा झाला होता.

देवीदासनं नखानं थोडं खरवडून हुंगलं.

"जवसाचं तेल?"

शालिकरामनं मान डोलावली.

"अरे, जवस सुकते. म्हणून तं सुतार दाराले लावते. तू रोज यंत्राले रोगण लावून राहिला. गाडीच्या आसाले काय लावते लोक? एरंडी. हे काय तुले सांगा लागते?"

"एरंडीच लावत होतो आधी."

"मंग सोडली कावून?"

शालिकराम खाली बघून म्हणाला, "तेल गवतात उतरते. कबरीले ढाळ लागली. तीन दिवस उभी नाही झाली."

साहेबाच्या डब्यातलं विलायती वंगण संपल्यावर त्यानं एरंडी घातली होती, बैलगाडीला घालतात तशी हात मोकळा सोडून. गाय पडली तेव्हा त्यानं घरातलं खायचं जवस तेल काढलं. जे माणसाला चालतं ते गाईलाही चालेल, एवढाच त्याचा हिशेब. गाईला चाललं. लोखंडाला चाललं नाही.

देवीदासनं बोटावरचा डिंक पुसला. थट्टा तोंडाशी आली असावी, पण त्यानं ती केली नाही.

"यंत्र चालवाचं असन तं एरंडी," तो म्हणाला. "दुसरं मले येत नाही."

घरी येऊन शालिकरामनं राखेचं पाणी उकळलं. चाकं त्यात बुडवली, अंबाडीच्या कुच्यानं दात अन् दात घासला. नमदा सुटा होऊन वर आला. चाकं उन्हात वाळवली, देवीदासनं दाखवल्याप्रमाणं बसवली आणि कोंबडीच्या पिसानं थेंबथेंब एरंडी सोडली. सगळं त्यानं असं केलं जसं दुसरा कुणी करतो आहे आणि आपण लांबून बघतो आहोत.

शनिवारी गोऱ्हा चालला. आवाज मऊ आला, पाणी पिणाऱ्या जनावरासारखा. हिरवळीवर सरळ पट्टे उमटले. साहेब बाहेर आला, बघितलं आणि आत गेला. नोकरी राहिली.

त्या दिवशीचं गवत शालिकरामनं विहिरीवर तीनदा धुतलं. तिसऱ्या पाण्यावरही तेलाचा तवंग आला. एवढं जपून लावूनही आलाच. कबरीनं टोपलीत नाक घातलं, तो बघत राहिला, आणि तिनं तोंड लावायच्या आत त्यानं टोपली ओढून उकिरड्यावर रिकामी केली. गाय रिकाम्या जागेकडं बघत उभी राहिली.

त्यानं विळा घेतला आणि बंगल्यावर परत गेला. मेंदीच्या कुंपणालगत हातभर पट्टी होती. गोऱ्ह्याचा रूळ तिथं पोचत नसे, तेवढं गवत त्याला नेहमीच विळ्यानं काढावं लागायचं. तो उकिडवा बसला आणि कापत गेला. निघाली एक कवळ, कवेत मावेल एवढी. गाईचं अर्धं पोट.

पुढच्या आठवड्यात गोऱ्हा कुंपणाआधी वीतभर वळला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी वीतभर. कुणी ठरवून करतं तसं ते दिसत नव्हतं. शालिकरामचे हात दांडा वळवायचे आणि तो वळू द्यायचा. पौषात पट्टी अडीच हात झाली, चारी बाजूंनी. साहेबाच्या हिरवळीला लुगड्याच्या काठासारखा गर्द काठ आला.

खानसाम्याची नजर बारीक. एका सकाळी तो काठावर येऊन उभा राहिला.

"मियाँ शालिकराम, ये किनारा बढ़ता जा रहा है."

"गोऱ्हा तिथं वळत नाही," शालिकराम म्हणाला.

खानसाम्यानं कुंपणाकडं बघितलं, विळ्याकडं बघितलं. पूर्वी गोऱ्हा कुठवर जायचा हे त्याला ठाऊक होतं.

"साहब पूछेंगे तो?"

"इचारतीन तवा सांगीन."

"क्या?"

शालिकरामनं गवताची पुढची मूठ धरली. तो कापत राहिला.  मग खानसामा म्हणाला की बाईसाहेबांना हा काठ आवडला आहे, त्यांना वाटतं तो मुद्दाम राखला आहे, तेव्हा निदान त्याची उंची सारखी ठेव. एवढं सांगून तो स्वयंपाकघराकडं निघून गेला.

त्या सांजेला कवळ दोन झाल्या. कबरीनं पहिली संपवली आणि दुसरीत तोंड घातलं. तिच्या दाढांचा आवाज येत होता. शालिकराम गव्हाणीला टेकून बसला. आपल्याला बरं वाटतं आहे का, हे त्यानं एकदा तपासून बघितलं. तसं काही सापडलं नाही. पण तो उठलाही नाही. गाय खाणं संपवेपर्यंत बसून राहिला.

गोदाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा अंधारू लागलं होतं. महिनोन्‌महिने तिनं कसा आहेस म्हणून विचारावं आणि त्यानं मान हलवावी, असंच चाललं होतं. तिनं फडकं सोडलं, भाकरीवर पिठलं वाढलं. ती काही विचारणार, तेवढ्यात तोच बोलला.

"बाई, कबरीनं आज पोटभर खाल्लं."

गोदाबाई थांबली. तो अजून काही बोलेल म्हणून वाट पाहत राहिली.  त्यानं भाकरी पुढं ओढली आणि सावकाश खाऊ लागला.