शार्लटन म्हणजे आपला गाववाला

परवा दुपारी मी घावनं घालत होते आणि लेक शेजारी बसून शाळेची इंग्रजी शब्दांची यादी पाठ करत होती. एक शब्द आला... 'शार्लटन'.

अर्थ भोंदू. ज्ञान नसताना ज्ञानी असल्याचं सोंग आणणारा, विशेषतः औषधं विकणारा. पुढे मूळही दिलं होतं. इटलीतल्या एका गावचे लोक म्हणे असली औषधं विकत फिरायचे. त्या गावाचं नाव आणि तिकडचा 'बडबडणे' हा शब्द, दोन्ही एकत्र होऊन हा शब्द झाला.

गाव आणि बडबड... घावन करपलं तरी मला कळलं नाही.

गेल्या वर्षी ह्यांच्या पायाला जखम झाली. शुगर जुनीच. शारजातल्या डॉक्टरांनी इन्सुलिन आणि रोजचं ड्रेसिंग सांगितलं. त्याच आठवड्यात दुबईत, देराच्या बाजारात मसाले घेताना आमचं मराठी ऐकून एक वैद्य थांबले. आमच्याच चिपळूणचे निघाले! मला म्हणाले, "वहिनी, मी आहे ना. काळजी सोडा."

बारा वर्षं इथे मी मॅडम आहे, नाहीतर भाभी. वहिनी कुणी म्हटलंच नव्हतं. विरघळले हो मी, अक्षरशः विरघळले.

हे नको म्हणत होते. हट्ट माझा. इन्सुलिन बंद, लेप सुरू. वैद्य घरी यायचे, माझ्या हातची घावनं खायचे. पाय काळा पडत चालला होता आणि आम्ही शिमग्याच्या पालखीच्या गप्पा मारत होतो...

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. वैद्यांचा फोन त्याआधीच बंद झाला होता, खलास.

हे सगळं त्या दुपारी मी लेकीला सांगून टाकलं. "सो ही ओन्ली टॉक्ड, आई?" तिने विचारलं. मी करपलेलं घावन तव्यावरून खरवडून काढलं. ह्यांनी आजवर मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

काल सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर निवडताना एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "मराठी का हो तुम्ही?" चेहरा इतका भला होता त्यांचा...

"नहीं," म्हणाले मी, आणि ट्रॉली घेऊन निघाले. कोथिंबीर तिथेच राहिली. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? पण ते आता वहिनी म्हणतील, याचीच भीती वाटली मला.