मधल्या दांड्यावरची माळ

ग्योकचू पेज वाढत होती. रताळं घातलेली पातळ पेज, सोबत खारवलेला मुळा. तिचा नवरा पेपर चाळत होता आणि मी, शेजारीण, तिचं पातेलं परत करायला गेले होते ती नेहमीसारखी तिथेच बसले. पेपरात तिच्या धाकट्या जावेचा, सुआतगोचा फोटो होता. ग्योकचूने पेजेचं भांडं नेमकं त्याच्यावर टेकवलं.

"अगं, तिचं तोंड भाजेल," नवरा म्हणाला.

"भाजू दे. तसंही अर्धं पावडरीखालीच आहे."

फोटो खाडीतल्या शिल्पापाशी काढलेला. तैपेईच्या यीशुआन नावाच्या मुलीने तिथे बांबूचे लांब दांडे बसवलेत, तराजूसारखे. एका टोकाला रिकामं पिंप, दुसऱ्या टोकाला कालवांच्या शिंपांच्या माळा. भरतीला पिंप वर तरंगतं, माळा बुडतात. ओहोटीला पिंप खाली, माळा बाहेर येऊन खुळखुळतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावातल्या बायांनी त्या ओवल्या. ग्योकचू लग्न होऊन आली तेव्हापासून कालवांच्या शेतीसाठी माळाच ओवते, म्हणून देवळासमोरचा मधला दांडा तिला मिळाला. सुआतगो पार्लर चालवते. तिने शिंपांना मोतिया नेलपॉलिश फासलं. आम्ही पोट धरून हसलो. पेपरवाल्याने फोटो मात्र तिचाच, तिच्या माळेसोबत काढला.

दार वाजलं. यीशुआन, गुडघ्यापर्यंत चिखल.

"मावशी, तुमचा दांडा वर येतच नाहीये. ओहोटी लागली तरी माळ पाण्यातच."

ग्योकचू तशीच उठली. मीही मागोमाग गेले.

चिखलात उतरून तिने माळ हातात घेतली. एकेका शिंपेवर कालवांची पिल्लं दाटीने चिकटली होती. हाताच्या सवयीने तिने माळ शेतीसाठी ओवतात तशीच ओवली होती, दोन शिंपांत जागा सोडून, गाठी आवळून. पिल्लांना हवी तशीच. ती वाढली आणि माळ जड झाली. शेजारच्या दांड्यावर नेलपॉलिशच्या शिंपा कोऱ्या चमकत होत्या.

"जाऊबाई, पीक झकास आलंय हो!" बांधावरून छत्री धरून सुआतगो ओरडली.

"खाली येऊन बोल ना! का नखं मळतील?"

"पेपरात आलेली नखं आहेत, जपायला नकोत?"

यीशुआन चाचरत म्हणाली, "मावशी, रविवारी उद्घाटन आहे. मधल्या दांड्यावर... सुआतगो मावशींची माळ लावू?"

सासूने सोन्याची बांगडी धाकटीच्या हातात घातली, तेव्हाही ग्योकचू एप्रनला हात पुसत उभी राहिली होती. आजही पुसत राहिली. हातांना चिखल होता तो होताच. बांधावरची छत्री खाली उतरू लागली.

"थांबा, मी सोडवते ती!" सुआतगो चपला काढत म्हणाली.

ग्योकचूने यीशुआनचं मनगट धरलं. आवाज खाली आणला.

"लाव तिची. पण माझी माळ तिला काढू देऊ नकोस. मला काढू दे."