डन्समुरसाहेबांची पत्रं, चीजसकट

बावन्न वर्षांची ग्रिझेल हेपबर्न चीजवाल्या वॉटी लॉकीच्या प्रेमात पडलीय, ही बातमी एडिंबरोच्या लॉनमार्केटमधल्या आमच्या जिन्यावर फेब्रुवारीतच पोचली होती. पुरावा भक्कम होता. जिला चीजचा वासही सोसत नसे ती बाई रोज, कधी दिवसातून दोनदा, वॉटीच्या दुकानातून चीजचा तुकडा आणायची. येताना तोंड लालबुंद. तिसऱ्या मजल्यावरच्या मिसेस बेग्बीनं तर लग्नाला कुठली टोपी घालायची तेही ठरवून ठेवलं होतं.

तोंड लाल व्हायचं ते संतापानं. ग्रिझेलला चीज नको होतं आणि वॉटी तर फुकटही नको होता. तिला हवा होता चीज बांधलेला कागद.

वीस वर्षं तिनं पुस्तकांचे प्रकाशक डन्समुरसाहेब यांचं घर सांभाळलं. साहेब धाडलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल स्वतः उतरवून वेताच्या टोपलीत टाकत. शेजारी तसलीच दुसरी टोपली, छपाईच्या रद्दीची. आता वर्षाच्या शेवटच्या दिवशी जुनंपानं घरात कोण ठेवतं? चुलीतली राखसुद्धा बाहेर टाकायची, नाहीतर सालभर दळिद्र. साहेब तापानं अंथरुणावर. खोकत म्हणाले, "ती टोपली काढ." ग्रिझेल कुठलं काम अर्धवट करतेय! तिनं दोन्ही काढून रद्दीवाल्याला दिल्या. घर लख्ख झालं. आठवड्याभरात साहेबही गेले.

महिना संपायच्या आत पाद्री कारफ्रे यांचा निरोप आला: साहेबांचं चरित्र लिहितोय, मे महिन्यात येतो, पत्रं काढून ठेवा. ग्रिझेल टोपली शोधू लागली आणि तिच्या लक्षात आलं, रद्दीबरोबर पत्रांचीही टोपली गेली.

रद्दीवाल्याचा माग काढत ती वॉटीच्या दुकानी पोचली. तिथं साहेबांच्या अक्षरातला वीतभर उंच गठ्ठा, चौकोनी कापलेला.

"गठ्ठा दे, वॉटी. बदल्यात वर्तमानपत्रं आणून देते."

"छे हो बाई! वर्तमानपत्राची शाई चीजला लागते. तुमच्या साहेबांची शाई बघा, कशी पक्की!"

"अरे, मेलेल्या माणसाची पत्रं आहेत ती!"

"मग त्यांना काय घाई? चीज घ्या, कागद तसाच मिळेल."

झालं. रोज चीज. ती जिन्यावर वाटायची, खाऊन खाऊन आम्ही सगळे कंटाळलो. मिसेस बेग्बीची मांजरही तोंड फिरवू लागली. मग बाई स्वतःच नाक दाबून खाऊ लागली. कागद मिळे तो कधी पाऊण, कधी पाव. एका कवीला लिहिलेलं पत्र 'आपल्या काव्याविषयी माझं स्पष्ट मत असं की' इथंच कापलेलं. उरलेला तुकडा लीथ बंदरातल्या एका खलाशाकडे गेल्याचं कळलं. बाई भर पावसात लीथला चालत गेली. खलाशानं त्या मतानं आपली चिलीम पेटवली होती.

मे महिन्यात पाद्रीबुवा आले तेव्हा टेबलावर त्रेसष्ट तुकडे होते, इस्त्रीखाली दाबून सरळ केलेले. बुवांनी रुमाल नाकाशी धरला आणि वाचू लागले. ओला कागद, आळशी मुद्रक, फिकी शाई... नुसती कुरकुर. आणि दर चौथ्या पत्रात ग्रिझेल. 'आजही लापशी खारट. या बाईला मिठाची बरणी म्हणजे समुद्र वाटतो.' 'ग्रिझेलनं माझं टेबल आवरलं. आता मला काहीही सापडत नाही.'

जिन्यावरून आम्ही कान टवकारले. बुवा अवघडून खाकरले.

"ग्रिझेलबाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याबद्दलचा हा मजकूर मी गाळून टाकतो. चरित्रात काही उदात्तही हवं ना!"

ग्रिझेलनं त्यांच्या हातातला तुकडा काढून घेतला, टेबलावर ठेवून तळव्यानं सपाट केला आणि म्हणाली, "एक अक्षर गाळायचं नाही, बुवा. लापशी खारटच होती. आणि त्या ओळीसाठी मी तीन महिने चीज खाल्लंय."