जीवन सर आणि गाडीचा नियम

पिंप्राळ्यात आमच्या भागातली निम्मी लोखंडी गेटं जीवन सरांच्या हातची आहेत. सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत, बरं का. दिवसभर दुकानात वेल्डिंग करायचं, पाच वाजले की लाल झालेल्या डोळ्यांवर पाणी मारायचं आणि शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर उभं राहायचं, हे त्यांचं सव्वीस वर्षं चाललंय. एक रुपया फी नाही. पोरं ज्यांच्यावरून उड्या मारतात ते आमच्या क्लबचे अडथळे त्यांनीच भंगारातल्या पाइपांचे केलेत. एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नाही, पण आजवर एक मोडला नाही.

मी दीपमाला. बारा वर्षांची असताना त्यांच्याकडे पळायला आले, आज अडतीसची आहे. चौकात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि संध्याकाळी क्लबच्या लहान पोरांना मी पळवते. तोंडाची फटकळ म्हणून मी गावभर प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक उगाच घासाघीस करायला लागलं की सरळ पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवते. पण सरांपुढं अजून माझा आवाज चढत नाही.

आमच्या क्लबात एक रीत होती. बाहेरगावच्या शर्यतीत जे पोर पहिलं येईल ते सरांच्या मोटारसायकलवर बसून घरी यायचं. बाकीचे टेम्पोत एकमेकांच्या मांडीवर, आणि जिंकलेला गळ्यात पदक घालून सरांच्या मागं. पिंप्राळ्यात शिरलं की सर चौकापासून हॉर्न वाजवत घरापर्यंत सोडायचे. पदकापेक्षा त्या गाडीसाठी आम्ही जास्त पळायचो, खोटं कशाला बोलू. भडगावची शर्यत मी जिंकले तेव्हा सरांनी गिरणेच्या पुलावर गाडी थांबवली आणि म्हणाले, घे बघून, आज नदीसुद्धा तुझी आहे. घरी पोचायला नऊ वाजले होते. कुणी काही विचारलं नाही.

मागच्या वर्षी क्लबच्या कमिटीनं ठरवलं की प्रशिक्षकांनी कसं वागायचं याचे नियम लेखी करायचे. टायपिंग अर्थातच माझ्या गळ्यात. पोरांना मारायचं नाही, अंगकाठीवरून नावं ठेवायची नाहीत, शिक्षा म्हणून पळवायचं नाही, आईबापाला वगळून पोराला परस्पर मेसेज करायचा नाही, बंद खोलीत एकट्या पोराला घेऊन बसायचं नाही, असे चौदा नियम. चौदावा गाडीचा: कोणत्याही प्रशिक्षकानं एकट्या मुलाला किंवा मुलीला आपल्या गाडीवर न्यायचं नाही. नियम मोडला तर क्लबच्या वहीत त्याच दिवशी नोंद करायची आणि कमिटीचा निर्णय होईपर्यंत तो माणूस मैदानावर येणार नाही. नोंद करायचं काम माझ्याकडे दिलं.

सरांनी तेरा नियम मुकाट ऐकून घेतले. ज्यांच्या थपडा आम्ही सगळ्यांनी खाल्ल्यात, त्यांनी त्या दिवसापासून एका पोरावर हात उगारला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चौदाव्याला मात्र ते फुरंगटले. आता गाडीवर बसवायलाही परवानगी काढायची का, आपण काय चोर आहोत का, असं बरंच पुटपुटले. मी म्हटलं, सर, तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. त्यांनी सही केली, पण पेन टेबलावर आपटलं.

डिसेंबरात धुळ्याला शर्यती होत्या. पंधरा पोरं, मी, आणि हसीबभाऊंची क्रूझर. हसीबभाऊ आमचे नेहमीचे ड्रायव्हर. सरांना सकाळी एका घराचं गेट बसवून द्यायचं होतं, म्हणून ते मागाहून आपल्या मोटारसायकलवर आले. सहाशे मीटरमध्ये आमची वृषाली पहिली आली. तेरा वर्षांची पोर, काडीसारखे पाय, आणि शेवटच्या वळणावर तिनं अशी काही मुसंडी मारली की मी खुर्चीवर चढून ओरडत होते. तिची आई द्रौपदाबाई डाळमिलमध्ये कामाला जाते. बाप नाही. मायलेकी दोघीच.

चार वाजता निघायची वेळ झाली. मी गाडीपाशी पोरं मोजली. चौदा. परत मोजली. चौदाच. वृषाली कुठंय म्हणून ओरडले, तर मागच्या सीटवरून एक जण मजेत म्हणाला, ती सरांच्या गाडीवर गेली ना, जिंकली ना ती. बाकीची पोरं हसली. त्यांना काय, ती रीत त्यांना माहीत होती.

आधी मला राग आला. सही करून सहा महिने झाले नाहीत आणि हा माणूस पोरीला घेऊन निघून गेला, मला एका शब्दानं न सांगता. सांगितलं असतं तर मी नको म्हणाले असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. वृषालीकडे फोन नाहीच.

हसीबभाऊ म्हणाले, ते आपल्या पुढंच असतील, रस्त्यात गाठू. मी दारापाशी बसले आणि पुढची प्रत्येक मोटारसायकल बघत राहिले. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्यात गर्दी दिसली, मधे आडवी पडलेली मोटारसायकल. क्रूझर थांबायच्या आत मी उतरले. गाडी दूधवाल्याची होती. कॅन सांडले होते, तो बिचारा रस्त्याच्या कडेला गुडघा धरून बसला होता. मला इतकं बरं वाटलं की माझीच मला लाज वाटली.

पारोळा गेलं. एरंडोल गेलं. अंधार पडला. अपघाताची भीती तोंडानं बोलता येते. मी दर दहा मिनिटांनी म्हणत होते, कुठं पडले नसोत म्हणजे झालं. पण एरंडोलच्या पुढं दुसरी भीती येऊन बसली, आणि ती मला कुणापाशी बोलता येईना. फोन बंद का आहे? मला न सांगता का गेले? सव्वीस वर्षांत किती पोरी त्या गाडीवर बसल्या, त्यातल्या कुणाला कधी कुणी काही विचारलं का? ज्या दोघी-तिघी मधेच पळणं सोडून गेल्या, त्या का गेल्या? हे सगळं माझ्याच डोक्यातून निघत होतं आणि मी स्वतःला शिव्या घालत होते. माझ्या बापानंतर मी ज्या माणसाच्या पाया पडते, त्याच्याबद्दल हे. तरी ते थांबेना.

सव्वासहाला पिंप्राळ्यात पोचलो. सर तिथं असतील अशी वेडी आशा होती. मैदानापाशी पोरांचे आईबाप उभे होते, त्यांत द्रौपदाबाई. मिलमधून थेट आल्या होत्या, डोक्याचं फडकंही सोडलं नव्हतं. एकेक पोर उतरून आपापल्या घरी गेलं. गाडी रिकामी झाली तेव्हा त्यांनी आत वाकून बघितलं.

"बठ्ठा पोरं उनात. मनी पोर कोठे शे?"

सगळी पोरं आली, माझी कुठाय. मी सांगितलं, पहिली आली ती, सरांबरोबर येतेय, येतच असेल. त्या म्हणाल्या बरं, आणि मैदानाच्या ओट्यावर बसल्या. साडेसहा झाले. सात झाले. मी सरांच्या घरी जाऊन आले, दुकान बघून आले. त्यांच्या बायकोला काहीच माहीत नव्हतं. फोन बंदच होता.

परत आले तेव्हा द्रौपदाबाईंनी मला हळूच विचारलं की सर माणूस कसा आहे. मी म्हटलं, चांगला आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, तुम्हाला नक्की माहीत आहे ना. आता इथं माझ्यासारखीनं छातीठोक हो म्हणायला हवं होतं. सव्वीस वर्षांची ओळख. मी म्हटलं, थांबा, फोन परत लावून बघते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

हसीबभाऊ म्हणाले, पोलिसांत चला. मी म्हटलं, थांबा. गेलो तर सरांचं नाव कागदावर येणार, आयुष्यभर पुसलं जाणार नाही. नाही गेलो आणि पोरीला काही झालं असलं तर? मी आठ वाजेपर्यंतची मुदत घातली. कोणाच्या अधिकारात घातली, देव जाणे. द्रौपदाबाई उठल्या, घरी जाऊन लगेच परत आल्या, आणि पुन्हा ओट्यावर बसल्या.

पावणेआठला चौकातून हॉर्न ऐकू आला. लांबलचक, वाजत-वाजत. सरांची गाडी मैदानापाशी येऊन थांबली. मागं वृषाली, गळ्यात पदक, तोंडाला गूळ लागलेला. ती उडी मारून आईकडे पळाली आणि भडाभडा सांगत सुटली. तिची आजी धरणगावला असते, तिला पदक दाखवायचं होतं, मग सर म्हणाले चल, आणि ते अमळनेरवरून धरणगावला गेले, आजीनं जेवल्याशिवाय सोडलंच नाही, आणि सरांच्या फोनची बॅटरी सकाळीच संपली होती. द्रौपदाबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. तिचे दंड, मान, चेहरा चाचपून बघितला. मग तिला घट्ट धरूनच उभ्या राहिल्या.

सर हसत होते. मग त्यांनी आमची तोंडं बघितली.

"काय झालं? असे का उभे तुम्ही?"

मी म्हटलं, सर, चार तास झाले. ते म्हणाले, अगं माझ्याबरोबर होती ती. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. माझ्या डोळ्यांत काय होतं ते त्यांनी वाचलं असावं.

"दीपमाला, तू मला सव्वीस वर्षं ओळखतेस. तुला माझ्याबद्दल तसं वाटलं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं.

"हो सर. वाटलं. तुमची ओळख आज मला काहीच कामाला आली नाही."

त्यांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. ते द्रौपदाबाईंकडे वळले. मला वाटतं, निदान त्या तरी आपली बाजू घेतील असं त्यांना वाटलं असावं. पोर सुखरूप आली होती, खाऊनपिऊन, हसत. म्हणाले, माय, तुम्हीच सांगा, मी काय वाईट केलं, पोरीची हौसच केली ना?

द्रौपदाबाईंनी एक हात पोरीच्या खांद्यावर ठेवून दुसऱ्या हातानं पदराची गाठ सोडली. आत शाळेच्या फॉर्मवर लावतात तसला छोटा फोटो होता. वृषालीचा, दोन वेण्यांचा. त्यांनी तो सरांपुढं धरला. आवाज अजिबात चढवला नाही.

"पोलीस ठाणामा देवाले काढी ठेयेल व्हता, सर."

म्हणजे त्या घरी गेल्या होत्या त्या यासाठी. आम्ही आठची वाट बघत होतो, आणि त्या माउलीनं पोलिसांना देण्यासाठी लेकीचा फोटो शोधून पदरात बांधला होता. सरांनी फोटो हातात घेतला नाही. त्यांनी गाडीला टेकून एकदा तोंडावरून हात फिरवला. वृषालीला काहीच कळत नव्हतं, ती एकदा आईकडे, एकदा सरांकडे बघत होती.

मग सरांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वही आण. माझ्यासमोर लिही."

मी वही आणली. तारीख घातली, त्यांचं नाव घातलं, आणि नियमाचा आकडा, चौदा, दोनदा गिरवला.